नॉर्मल मेंदू पाहिजेत

आजारी मेंदू आमच्याकडे आपणहून यायचे. नाशिकच्या ज्या एमआरआय सेंटरात मी टेक्निशियन होते, तिथं सकाळी दहापासून रांग लागायची. फिट येणारे, चक्कर येणारे, मोटारसायकलवरून पडलेले, बोलता बोलता शब्द हरवून बसलेले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहरात अशी मशिनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अशात एक दिवस आमच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की, मला चांगले मेंदू पाहिजेत. साठीच्या पुढचे, पण ठणठणीत.

"सर, ठणठणीत माणूस इथं कशाला येईल?"

"म्हणून तर तुला सांगतोय."

त्यांचा अभ्यास चालला होता विसरण्याच्या आजारांवर. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतोच, तो सगळ्यांचा आकसतो. पण किती आकसला म्हणजे नुसतं वय आणि किती आकसला म्हणजे आजार, हे सांगायला बरोबरीला निरोगी मेंदू लागतात. पुस्तकात मापं होती, पण ती परदेशी डोक्यांची. "नाशिक जिल्ह्यातल्या डोक्यांची मापं घेतलीत का कुणी?" डॉक्टर म्हणाले. नव्हती घेतली.

"मी आणते माणसं," मी म्हणाले.

आमच्या घरातली, खरं तर अख्ख्या भावकीतली, मी पहिली ग्रॅज्युएट. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., वर रेडिओग्राफीचा डिप्लोमा. कुठल्याही कामाला 'जमणार नाही' म्हणायची मला सवयच नव्हती. ते म्हटलं की लोक मनात 'शेवटी गावाकडचीच' म्हणतात, असा माझा पक्का समज होता.

पण त्या दिवशी चटकन हो म्हणण्याचं कारण निराळं होतं. माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते, रिटायर होऊन सायखेड्याला घरी असायचे. गेल्या वर्षभरात त्यांचं पाऊल आखूड झालं होतं. बोलताना मध्येच थांबायचे आणि कुठं थांबलो ते शोधत बसायचे. मला दोनदा आत्याच्या नावानं हाक मारली होती. दवाखान्याचा विषय काढला की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीये?" असे पेशंट मी रोज मशिनमध्ये सरकवत होते आणि पुढं त्यांचं काय होतं तेही बघत होते. शेवटी पोटच्या पोरीला विचारतात, आपण कोण गावच्या? दादा तसे होणार आहेत की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. आजारी म्हणून ते कधीच आले नसते. निरोगी म्हणून आले असते. तेव्हा निरोगी माणसांच्या यादीत मी पहिलं नाव दादांचं लिहिलं. हे नियमाला धरून नव्हतं. तरी लिहिलं.

उरलेली नावं मिळवायला रविवारी गावी जाऊन नदीकडच्या पारावर उभी राहिले. पारावरचा कारभार माजी सरपंचांकडे असायचा. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं.

"आबा, डोक्याचा फोटो काढायचाय. फुकट."

"कह्याला? मह्या डोक्याला काय झालंय?"

"काही नाही झालं म्हणूनच."

आबांनी पारावरच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "लोक फोटो काढत्यात ते काही झाल्यावर. काही नाय झालं तर फोटो काढत्यात ही नवीनच विद्या दिसती. कॉलेजात शिकवली काय?"

"हो. फिजिक्समध्ये."

मी त्यांना समजावलं. कांद्याच्या कशा पातळ चकत्या करतो, तशा हे मशिन डोक्याच्या चकत्या करतं, फक्त चित्रातल्या. सुरी नाही, सुई नाही. मोठा लोहचुंबक आहे, आत पडून राहायचं, आवाज होतो, संपलं. कुणी हललं नाही. मग मी म्हणाले की ज्याचा मेंदू नॉर्मल निघेल त्याला तसा कागद मिळेल, डॉक्टरांच्या सहीचा.

आबा सावरून बसले. गेल्या निवडणुकीपासून त्यांचा विरोधक गावभर सांगत होता की म्हाताऱ्याचं डोकं गेलंय. "सही-शिक्क्याचा?" त्यांनी विचारलं. शिक्क्याचा, मी म्हणाले. मग बाकीच्यांनाही आपापले विरोधक आठवले. कुणाचा भाऊ होता, कुणाची सून. बांगड्यांचं दुकान चालवणारे चाचा तिथंच बसले होते, ते म्हणाले, "बेटा, मेरा भी लिख ले. आमच्या घरात तर रोजच म्हणतात, दिमाग चाललं नाही म्हणून."

मंगळवारी सकाळी सात वाजता एक जीप भरून सेंटरवर आली. सहा म्हातारे, त्यांत दादाही, आणि त्यांच्या सहा बायका. बायका हव्याच होत्या, कारण तपासणीआधी एक फॉर्म भरायचा होता आणि त्याची उत्तरं जवळच्या माणसानं द्यायची होती. माणूस रोजची कामं स्वतःची स्वतः करतो का, एवढं बघायचं. जेवढ्या जास्त कामांना 'नाही', तेवढा आजार पुढं गेलेला. फॉर्म मूळचा परदेशातला, डॉक्टरांनी कुणाकडून तरी मराठी करून घेतलेला.

मी आबांच्या बायकोपासून सुरुवात केली.

"काकू, आबांना स्वतःचा चहा करता येतो का?"

"कोणाला? यांना?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई, चूल कुठल्या खोलीत हाय ते तरी विचार आधी."

"म्हणजे नाही. कपडे स्वतः निवडतात का?"

"मी खाटंवर ठेवते, ते घालत्यात. सदरा ठेवायचा राहिला तर बनियनवर पारावर जात्याल."

"अंघोळ स्वतः करतात?"

काकूंनी विचार केला. "पाणी मी काढते. साबण मी देते. पंचा मी टाकते. पाठ मी चोळते. उरलेली त्यांची ते करत्यात."

आबा शेजारीच बसले होते. तोंडावर एवढी बदनामी चालली होती आणि गडी खुशीत. प्रत्येक उत्तराला मान डोलावत होता. बाकीच्या काकूही काही कमी नव्हत्या. एकीनं सांगितलं की यांना जेवताना भाकरी मोडून द्यावी लागत नाही, तेवढं बरंय. दुसरी म्हणाली, औषधाच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते त्यांना माहीत असतं का म्हणून काय विचारते, गोळ्या असतात हेच त्यांना माहीत नाही. फक्त चाचांनी छाती पुढं काढली. "चहा? मी रोज करतो, गिऱ्हाइकांसाठी." त्यावर चाची म्हणाल्या, "दुकानात! घरी पाण्याचा ग्लास उचलला असेल तर हा हात बघा." हात दाखवलाही.

माझ्या आईचीही उत्तरं तशीच. चहा मी करते, कपडे मी देते, पाणी मी काढते. मला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. मी जन्मापासून तेच बघत आले होते.

नऊला डॉक्टर आले, फॉर्मची बेरीज केली आणि चष्मा काढून ठेवला.

"ही माणसं तू नॉर्मल म्हणून आणलीस?"

"हो सर."

"या फॉर्मप्रमाणे यातल्या एका बांगड्यावाल्याला सोडलं तर कुणालाही एकटं घरात ठेवता येणार नाही."

"कुणी ठेवलेलंच नाही सर, आजपर्यंत."

डॉक्टर पुण्याचे, शिकायला मुंबईत, मग परदेशात. त्यांना एवढं पुरेना. मी खिडकीतून बाहेर दाखवलं. आवारात आबा उभे होते आणि काकू खाली वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा लावून देत होत्या. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "माझी आईसुद्धा..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

मग आम्ही फॉर्मला एक प्रश्न जोडला. करता येतं का, हे राहू दे. आधी करायचे आणि आता करत नाहीत असं काय आहे, ते विचारायचं.

आबांना मी डॉक्टर यायच्या आधीच मशिनमध्ये घातलं होतं. अंगावरचं लोखंड-पितळ काढायला अर्धा तास गेला. कडं, किल्ल्यांचा जुडगा, करदोट्यात अडकवलेली कान कोरायची कोरणी, कोपरीच्या आतल्या खिशातला अडकित्ता. आत गेल्यावर हातात एक रबरी चेंडू देतात. घाबरलं तर दाबायचा, बाहेर घंटा वाजते. आबांनी दाबला. मी धावत आत.

"काय झालं आबा?"

"काय नाय. घंटा वाजती का बघितलं."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा घंटा. आबांना आतून एक मुद्दा सांगायचा होता, पाणीपुरवठ्याबद्दल. बोललं की जबडा हलतो, जबडा हलला की चित्र फिसकटतं. तिसऱ्या वेळी मी चेंडू काढून घेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा कुठं गप्प पडून राहिले. बाहेर आले ते कान चोळत. "ग्रामसभेपेक्षा जास्त आवाज हाय. पण मधी कोणी उठून जात नाय, हे चांगलंय."

सगळ्यांना स्क्रीनवर आपापल्या चकत्या बघायच्या होत्या. मी दाखवल्या. हा वरचा सुरकुतलेला भाग, अक्रोडासारखा, तो मेंदू. मधोमध या काळ्या पोकळ्या, त्यांत पाणी असतं, सगळ्यांनाच असतं. "कोणाचा मोठा हाय?" आबांनी विचारलं. मोठा-छोटा असं नसतं, मी म्हणाले. पण चाचांनी स्क्रीनवर वीत लावून स्वतःचा मापला आणि मग आबांचा. त्यावरून जी जुंपली, ती जीप निघेपर्यंत चालू होती.

दादांचा नंबर त्या दिवशी लागला नाही. त्यांनी उभं आयुष्य ग्राइंडरवर काम केलेलं. अशा माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा बारीकसा कण अडकून राहिलेला असू शकतो आणि चुंबकात तो हलला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. तो डॉक्टरांनी बघेपर्यंत दहा वाजले आणि पेशंटची रांग सुरू झाली. आई-दादांना मी माझ्या खोलीवर ठेवून घेतलं. उद्या सकाळी करू, म्हणाले. आईचा चेहरा पडला. मला वाटलं, मुक्काम पडला म्हणून.

बुधवारी सकाळी डॉक्टर स्वतः दादांसमोर बसले. साधे प्रश्न. आपण कुठं आहोत? "नाशिकला." हे काय आहे? "दवाखाना." आज वार कोणता?

"मंगळवार," दादा खणखणीत आवाजात म्हणाले.

"आज बुधवार, काका."

"मंगळवार."

"काल विचारलं असतं तर बरोबर होतं!" दारातून आई म्हणाली.

डॉक्टरांनी आणि मी मागं वळून बघितलं. आईनं पदर घट्ट ओढून घेतला, पण आता तोंडातून निघून गेलं होतं. रविवारपासून ती दादांकडून पाठ करून घेत होती. मंगळवार, नाशिक, दवाखाना. जीपमध्येसुद्धा तेच चाललं होतं. पोरीच्या ऑफिसातली परीक्षा, पोरीनं नाव घातलंय, आपल्यामुळे तिची मान खाली जायला नको. मी पाचवीत असताना स्वतःला अक्षर येत नसूनही माझी कविता पाठ करून घ्यायची ती बाई. दादांना तर हा हा म्हणता तयार केलं असतं, आम्हीच वार बदलला.

"आई," मी म्हणाले, "दादा आधी काय करायचे जे आता करत नाहीत?"

"काही नाही. सगळं ठीके."

"आई."

तिनं डॉक्टरांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "सायकल सोडली," ती म्हणाली. "पाय उचलत नाही त्यांचा. जमिनीला धरून ठेवल्यागत चालत्यात. मी हात धरते, मग निघतो. घड्याळ सगळ्या आळीचं दुरुस्त करायचे, ते आता उघडतात आणि तसंच ठेवतात. आणि..." आवाज अगदी खाली गेला. "संडास-बाथरूमपर्यंत पोचत नाहीत कधी कधी. मी धुऊन टाकते. कोणाला कळत नाही."

खरंच कळलं नव्हतं. दर रविवारी मी जात होते, चांगली फिजिक्सची पदवीधर, आणि बघत होते की आई दादांना पाणी देते, कपडे देते, हात धरते. आमच्याकडे बाई पुरुषाचं सगळं करते. त्या सगळ्यात आजार कुठं सुरू झाला, ते बाहेरच्याला दिसायला जागाच नव्हती. मीही बाहेरचीच झाले होते.

दादांना मी स्वतः आत सरकवलं. ते चेंडू दाबतील म्हणून मी वाट बघत होते, त्यांनी दाबला नाही. आजवर ऐकलेल्या सगळ्या आवाजांत त्यांना हाच बरा वाटला म्हणे, वीज केंद्रासारखा. पहिल्या काही चकत्या स्क्रीनवर आल्या आणि मी वरचं नाव वाचून बघितलं. पुन्हा वाचलं. मधल्या पोकळ्या आदल्या दिवशी पाच जणांच्या बघितल्या होत्या. या तशा नव्हत्या. फुगलेल्या होत्या, आणि मेंदू कडेला दबून बसलेला.

डॉक्टर माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"निरोगी लोकांच्या यादीत हे कसे आले?"

"मी घातले."

"माहीत असून?"

"शंका होती, सर."

"नाव काढ यादीतून." मला वाटलं, आता माझंही नाव कुठून तरी निघणार. मग त्यांनी खुर्ची ओढली. "आणि आता बस आणि नीट ऐक. चालणं अडकणं, विसरणं, लघवी न थांबणं. तिन्ही एकत्र, आणि हे असं पाणी. विसरण्याचे बरेच आजार आहेत ज्यांत मी तुझ्या हातात काही देऊ शकत नाही. हा कदाचित त्यांतला नसेल. हेच पाणी पाठीच्या कण्यातही उतरतं, तिथून थोडं काढून बघायचं. चालणं सुधारलं तर ऑपरेशनचा उपयोग होतो. खात्री देत नाही. पण होतो."

बाहेर बाकावर दादा बसले होते. मला बघून म्हणाले, "काय बाई? पास का नापास?"

"नापास, दादा."

ते आईकडे वळले. "तू वार चुकीचा सांगितला."

पाणी काढलं ते दुसऱ्या हॉस्पिटलात, पुढच्या आठवड्यात. त्याआधी त्यांना लांबलचक व्हरांड्यातून चालवलं आणि एका नर्सनं पावलं मोजली. पाठीत सुई घातली, पाणी काढलं, काही वेळ आडवं ठेवलं, मग पुन्हा त्याच व्हरांड्यातून. निघताना आईनं नेहमीसारखा हात पुढं केला, तर नर्स म्हणाली, नका धरू. आई हात तसाच ठेवून उभी राहिली. दादा निघाले. पाऊल उचललं जात होतं. नर्सनं मोजलेली पावलं आधीपेक्षा फार कमी भरली. टोकाला वळून दादा परत येत होते आणि आई एवढंच म्हणत होती, "अहो, सावकाश. अहो, सावकाश!" वर्षभरात हे वाक्य बोलायची वेळच आली नव्हती तिच्यावर.

ऑपरेशनमध्ये डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी टाकली. गावात बातमी पोचली की डोक्यातलं पाणी पोटात सोडलं, आणि भेटायला येणारे आधी पोटाकडे बघायचे. दादांनी त्यांना फिटरच्या भाषेत समजावलं. "प्रेशर वाढलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं खाली जातं. आमच्याकडं बॉयलरला होतंच की. साधं काम आहे. डॉक्टर लोक उगाच मोठं करतात." विसरणं सगळं गेलं नाही. आत्याचं नाव अजून मला कधी कधी मिळतं. पण सायकल भिंतीपासून निघाली, आणि मी कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं.

डॉक्टरांच्या यादीत मात्र एक निरोगी मेंदू कमी पडत होता. ती जागा आईनं भरली. "मला घ्या की," म्हणाली. तिचं वय साठीच्या पुढं आहे, हे आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं, कारण जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती. मंगळसूत्र काढायला सांगितलं तर काढून माझ्या हातात दिलं आणि मान मोकळी करून म्हणाली, "बरं वाटलं." फॉर्मची उत्तरं जवळच्या माणसानं द्यायची, म्हणजे दादांनी. जुने प्रश्न आम्ही खोडले नव्हते. डॉक्टरांना आता त्यांची गोडी लागली होती.

"काका, यांना स्वतःचा चहा करता येतो का?"

दादांनी विचार केला. "येत असेल. चहा येतो रोज."

"कपडे स्वतः निवडतात?"

"घातलेले असतात."

"औषधं वेळेवर घेतात?"

"कोण, ही? हिला कशाला औषधं?"

डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते, खांदे हलत होते. "बरं. आधी करायच्या आणि आता करत नाहीत, असं काही आहे का?"

दादांनी फार वेळ लावला. ते बोलता बोलता कुठं थांबले असतील ते शोधत असावेत असं वाटून मी सांगायला पुढं झाले, तर त्यांनी हातानं मला गप्प केलं.

"जागत नाही आता," ते म्हणाले. "मागं जागीच असायची. मी नुसता कुशीवर वळलो तरी उठून बसायची. मला दिसायचं, पण बोलायला सुधरत नव्हतं. आता झोपते." मग जरा थांबून, डॉक्टरांना खरं ते सगळं सांगितलं पाहिजे म्हणून, "चांगली घोरते."

"मी?" आई मशिनच्या खोलीच्या दारातून बाहेर आली. "मी घोरते? डॉक्टर, ते लिहायचं नाही हां!"

डॉक्टरांनी ते लिहिलं, आणि समोरच्या रकान्यात 'नॉर्मल' अशी खूण केली.